पाठदुखीची गोळी आणि कामगाराचा हक्क

(न्यू जर्सीतल्या मराठी कामगारांच्या मेळाव्यात १ मे रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांची शिफ्ट होती आणि येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज १ मे. महाराष्ट्र दिनही आणि कामगार दिनही. दरवर्षी या दिवशी आपण पगार, ओव्हरटाइम, एजन्सीवाल्यांची कापाकापी यांवर बोलतो. यंदा मी म्हटलं, मला गोळ्यांवर बोलू द्या. त्यावर दोघातिघांनी विचारलं, "अहो, तो विषय आपल्या लोकांचा कुठे? आपल्यात कोण घेतं ड्रग्ज?"

त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला मी उभा आहे. ड्रग्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुलाखाली पडलेला गर्दुल्ला येतो, नाहीतर सिनेमातली श्रीमंत पोरांची पार्टी. पण या देशात असंख्य कामगारांच्या व्यसनाची सुरुवात पुलाखालीही झाली नाही आणि पार्टीतही झाली नाही. पाठीत उसण भरली, शिडीवरून पडलो, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. सुरुवात तिथे झाली. गोळीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होती: उद्या कामावर गेलो नाही तर पगार बुडेल ही भीती. ही भीती आपल्याला अनोळखी आहे का? नाही ना. म्हणून हा विषय आपला आहे, आणि कामगार दिनाचा आहे.

आधी हे संकट केवढं आहे ते बघू. अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत ओव्हरडोसने दरवर्षी १ लाखाहून जास्त माणसं गेली. रस्त्यावरच्या अपघातांत इथे वर्षाला ४० हजारांच्या आसपास माणसं जातात. म्हणजे गाडीपेक्षा गोळीने अडीच पट माणसं मारली. २०२४ मध्ये आकडा खाली आला, सुमारे ८० हजारांवर. कमी झाला हे चांगलंच, पण हिशोब करा, तरीही त्या वर्षी दिवसाला दोनशेच्या वर झाले. एकट्या न्यू जर्सीत २०२१ आणि २०२२ या वर्षांत दरसाल ३ हजारांवर माणसं गेली. दारू तर यात धरलेलीच नाही. दारूमुळे होणारे मृत्यू वेगळे मोजले, तर ते वर्षाला पावणेदोन लाखांच्या पुढे जातात.

हे सुरू कसं झालं

१९९६ साली पर्ड्यू फार्मा नावाच्या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिच्यातलं औषध अफूच्याच जातीचं. कंपनीचे विक्रेते डॉक्टरांना सांगत फिरले की ही गोळी हळूहळू विरघळते, हिची सवय लागण्याचा धोका कमी आहे. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीसारख्या खाणकामगारांच्या भागांत ही गोळी धो धो खपली, कारण तिथे दुखणाऱ्या पाठी जास्त. २००७ साली कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली. धंदा चालूच राहिला. २०२० साली कंपनीने पुन्हा गुन्हा कबूल केला, आणि ते कोर्ट कुठलं होतं माहीत आहे? इथलंच, नेवार्कचं. तोवर गोळ्यांची सवय लागलेली माणसं हेरॉईनवर गेली होती, आणि २०१३ नंतर हेरॉईनची जागा फेंटानिलने घ्यायला सुरुवात केली होती.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ साली एक अहवाल काढला. २०११ ते २०१५ या काळात अफूजन्य औषधांच्या ओव्हरडोसने जे कामगार गेले, ते काय काम करत होते हे त्यांनी मृत्यूच्या दाखल्यांवरून शोधलं. बांधकाम आणि खाणकाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्या कामगारांच्या सरासरीच्या सहा पट निघालं. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ चौथा हिस्सा याच कामगारांचा. अहवालात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या कामांत दुखापती जास्त, तिथे ओव्हरडोस जास्त. आणि ज्या कामांत पगारी आजारी रजा कमी, नोकरीची शाश्वती कमी, तिथेही ओव्हरडोस जास्त.

हे नीट ऐका. माणूस मनाने दुबळा होता म्हणून गेला असं हा अहवाल म्हणत नाही. ज्याला दुखणं जास्त आणि रजा कमी, तो जास्त मेला असं म्हणतो. रजा असती तर त्याने पाठ टेकली असती. रजा नव्हती म्हणून त्याने गोळी घेतली आणि पाठीवर पुन्हा ओझं घेतलं.

हे आपल्यासाठी नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणगावात जाऊन बघा. १९२०च्या दशकात सरकारने मुंबईतल्या कामगार बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. त्यांना आढळलं की या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या बाळांना अफू दिली जाते. 'बाळागोळी' म्हणायचे तिला. आई दहा तास साच्यावर उभी, बाळाला सांभाळायला कुणी नाही, रडलं तर बघणार कोण? मग बाळाला झोपवायचं. त्या आया काय वाईट होत्या? त्यांना पोराची माया नव्हती? माया होती, पण पाळणाघर नव्हतं आणि बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. उपदेशाने ती गोळी सुटण्यासारखी नव्हती. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा आला, पाळणाघरांची मागणी लावून धरली गेली. त्या आईला 'अफू वाईट' असं बजावण्यापेक्षा चार आठवड्यांचा पगार हातात देणं जास्त उपयोगाचं होतं.

तेव्हा बाळाला झोपवायला गोळी होती, आज आपल्याला कामावर उभं ठेवायला आहे.

आपल्या दारात ती कशी येते

मी स्वतः गोदामात काम करतो. शिफ्ट संपायला तीन तास आहेत आणि कंबर धरली, तर शेजारचा माणूस खिशातून गोळी काढून पुढे करतो. तो वाईट हेतूने देत नाही, आपल्याकडे तंबाखूची चिमूट पुढे करावी तशी देतो. स्वयंपाकघरात तेच, ड्रायवॉलच्या कामावर तेच. रात्रपाळीला जागं राहायला एक गोळी, सकाळी उजेडात झोप यायला दुसरी, आणि सुट्टीच्या दिवशी एका खोलीत सहा जण बसले की बाटली.

अफूजातीच्या गोळीचं गणित असं असतं. पहिल्यांदा एका गोळीने दुखणं थांबतं. शरीर तिला सरावतं, मग एकीने भागत नाही, दोन लागतात. आणि गोळी बंद केली की अंग मोडून येतं, नाक गळतं, जुलाब, घाम, झोप नाही. त्यालाच गर्दुल्ले 'टर्की' म्हणतात. या टप्प्यावर माणूस मजेसाठी गोळी घेत नसतो. उद्याच्या शिफ्टला उभं राहता यावं म्हणून घेत असतो. त्याला 'सोडून दे' एवढंच सांगणं म्हणजे ताप आलेल्याला 'अंग गार कर' सांगण्यासारखं आहे.

२०१७ पासून न्यू जर्सीत कायदा आहे की नव्या दुखण्यासाठी डॉक्टर पहिल्यांदा अशी गोळी पाच दिवसांपुरतीच लिहून देऊ शकतात. कायदा चांगला आहे. पण सहाव्या दिवशी दुखणं तसंच असेल आणि काम तेच असेल, तर माणूस काय करतो? ओळखीच्याकडून गोळी घेतो. आणि आज ओळखीच्याकडून आलेली गोळी हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट आणि हेरॉईनच्या पन्नास पट तीव्र असतं. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे दहा-पंधरा कण, एवढ्यात माणूस मरू शकतो. त्याच्या नकली गोळ्या छापल्या जातात, त्या हुबेहूब खऱ्यासारख्या. ऑक्सिकोडोनची निळी एम-३० गोळी, पर्कोसेट, झॅनॅक्स, जागं ठेवणारी अ‍ॅडरॉल, सगळ्यांच्या नकला आहेत. डीईए या सरकारी यंत्रणेने २०२३ साली पकडलेल्या नकली फेंटानिल गोळ्या तपासल्या, तेव्हा दहांपैकी सात गोळ्यांत जीव घेऊ शकेल एवढी मात्रा निघाली. डोळ्यांनी बघून, चव घेऊन, वास घेऊन ओळखता येत नाही. देणारा मित्र प्रामाणिक असेल, पण त्याला तरी काय माहीत? म्हणून नियम एकच ठेवा: आपल्या नावाने लिहिलेल्या बाटलीतून, फार्मसीतून आली नसेल ती गोळी तोंडात घालायची नाही.

गॅस स्टेशनवर आणि कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये काम करणाऱ्या आपल्या भावांना वेगळं सांगतो. काउंटरवर छोट्या बाटल्यांत, पाकिटांत टियानेप्टिन विकलं जातं. 'झाझा' आणि 'नेपच्यून्स फिक्स' अशी नावं असतात. लोक त्याला गॅस स्टेशन हेरॉईन म्हणतात, आणि औषध खात्याने त्याविरुद्ध इशारे दिले आहेत. क्रेटमही तिथेच असतं. दुकानात विकतात म्हणजे निर्धोक असेल, असं समजू नका. मालक म्हणतो म्हणून विकताना आपल्या राज्यात त्यावर बंदी आहे का तेही बघा, कारण पोलिस आले तर काउंटरवर तुम्ही असता, मालक नाही.

समोर माणूस पडला तर

आता पाच मिनिटं सगळ्यांनी लक्ष द्या, मोबाईल खाली ठेवा.

अफूजातीच्या औषधाचा ओव्हरडोस झाला की माणूस हाक मारून उठत नाही. श्वास मंद होतो, घरघर लागते, मग थांबतो. ओठ, नखं निळसर किंवा राखाडी पडतात. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो. रात्री खोलीतला माणूस कधी नव्हे तसा विचित्र घोरतोय, तर 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणू नका. हलवा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. उठला नाही तर:

एक, ९११ ला फोन करा. 'श्वास घेत नाही' एवढं सांगा आणि पत्ता सांगा.

दोन, नॅलॉक्सोन द्या. नाकात मारायचा फवारा आहे, नारकॅन नावाने मिळतो. नळी एका नाकपुडीत घालायची आणि दाबायचं, बस. सुई नाही, शिकवणी नाही.

तीन, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा मारा.

चार, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. आणि एकट्याला सोडू नका. नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या तासापासून दीड तासात उतरतो, आतलं औषध त्याहून जास्त टिकू शकतं. शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा बुडू शकतो.

थंड पाण्याने अंघोळ, कांदा हुंगवणं, चपला हुंगवणं, यात वेळ घालवू नका. ओव्हरडोस नव्हताच, साखर उतरली होती किंवा दारू जास्त झाली होती, तरी नॅलॉक्सोनने अपाय होत नाही. त्यामुळे शंका असली तरी मारा.

हा फवारा २०२३ पासून देशभर चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. न्यू जर्सीत तर त्याच वर्षापासून योजनेत सामील असलेल्या फार्मसीत तो फुकट मिळतो. चौदा वर्षांवरच्या कुणालाही, नाव न सांगता, ओळखपत्र न दाखवता. 'नॅलॉक्सोन ३६५' एवढं म्हणायचं. आज घरी जाताना घ्या. आपल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीत, गणपतीच्या फोटोखाली म्हणा किंवा फ्रिजवर म्हणा, पण सगळ्यांना माहीत असलेल्या जागी तो असला पाहिजे.

"पण पोलिस आले तर?" ही भीती मला कळते. याच भीतीने खोलीतले लोक पळून जातात आणि माणूस एकटा मरतो. न्यू जर्सीत २०१३ पासून कायदा आहे: ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर आणि ज्याला ओव्हरडोस झाला त्याच्यावर, स्वतःपुरतं ड्रग्ज बाळगल्याबद्दल वा घेतल्याबद्दल खटला भरता येत नाही. बहुतेक राज्यांत असा कायदा आहे, तपशील वेगवेगळे. तो राज्याचा कायदा आहे, इमिग्रेशनची हमी देत नाही, हेही खरं सांगतो. तरीसुद्धा फोन कराच. जीव गेल्यावर कागद कुणाचे सांभाळणार?

आणखी एक. काही दिवस गोळी बंद राहिलेला माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो. दोन महिने गावी राहून आला, किंवा जेलमधून, हॉस्पिटलमधून आला, आणि जुन्या हिशोबाने तेवढीच मात्रा घेतली, तर ती आता शरीराला झेपत नाही.

कागद आणि कायदा

आपण इथे परदेशी आहोत. त्यामुळे इथल्या माणसाला जी चूक हजार डॉलरला पडते, ती आपल्याला देशाला पडू शकते.

केंद्राच्या कायद्याप्रमाणे ड्रग्जच्या जवळजवळ कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी माणूस हद्दपार होऊ शकतो. ग्रीन कार्ड असलं तरी. अपवाद एकच, स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा. पाडिया नावाच्या ट्रक ड्रायव्हरची गोष्ट लक्षात ठेवा. जन्म होंडुरासचा, चाळीस वर्षांहून जास्त काळ इथे कायदेशीर राहिलेला, व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेकडून लढलेला. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, तू इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची काळजी करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची पाळी आली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी आरोपीला हद्दपारीचा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे. म्हणजे आज तुमचा हक्क आहे. सरकारी वकील मिळाला असेल तरी त्याला पहिल्या भेटीत सांगा, मी नागरिक नाही. 'सही कर, आज घरी जाशील' असं कुणी म्हणालं तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका.

गांजाचंही तसंच. न्यू जर्सीत २०२२ पासून दुकानात उघड विकतात. राज्याला चालतो, पण केंद्राला चालत नाही, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड केंद्राच्या हातात आहे. दोषी ठरला नाहीत, तरी अधिकाऱ्यासमोर 'हो, घेतला होता' अशी कबुली अडचणीत आणू शकते. खोटं बोलणं त्याहून वाईट. म्हणून आधी वकिलाचा सल्ला, मग उत्तर. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, तर खटल्याचा निकाल लागायच्या आत व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

ट्रक चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, २०२० पासून लघवीच्या तपासणीत नापास झाल्याची नोंद देशभरच्या एकाच यादीत जाते, एक मालक सोडून दुसरा धरला तरी ती मागे येते. आणि हो, हसू नका, खसखस. दिवाळीत अनारसे खाल्ले, भाजीत खसखशीचं वाटण घातलं आणि दुसऱ्या दिवशी तपासणी असेल, तर अफूचा अंश दिसू शकतो. २०२३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं होतं. तपासणीच्या आधी चार-पाच दिवस टाळलेली बरी.

गावाहून येताना ट्रॅमाडॉलच्या पट्ट्या आणू नका. 'काकांची पाठदुखीची औषधं, तेवढी ने' म्हणून दिलेलं पार्सल घेऊ नका. तिकडे गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळायची ती गोळी इथे २०१४ पासून नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. स्वतःचं औषध असेल तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. कामावर इजा झाली की त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा, लेखी सांगा, मेसेजची प्रत ठेवा. 'किरकोळ आहे, बघू' म्हणून आठवडा घालवू नका. कामावरच्या इजेचा उपचार आणि बुडालेल्या पगाराचा भाग विम्यातून मिळतो. न्यू जर्सीत हा हक्क कागद नसलेल्यालाही आहे, रोख पगार घेणाऱ्यालाही आहे. डॉक्टरला विचारा, अफूजातीची नसलेली गोळी चालेल का? बऱ्याच साध्या दुखापतींत इबुप्रोफेन आणि टायलेनॉल, म्हणजे आपली पॅरासिटामॉल, तेवढंच काम करतात. सोबत मालीश-व्यायामाची फिजिओथेरपी मागा. इंग्रजी जमत नसेल तर मराठी दुभाषा मागा, हॉस्पिटलने तो फोनवर फुकट द्यायचा असतो.

आणि रजा. २०१८ पासून न्यू जर्सीत दर ३० तास कामामागे एक तास पगारी आजारी रजा जमते, वर्षाला ४० तासांपर्यंत. एजन्सीमार्फत काम करत असाल तरीही. किती जणांनी ती घेतली आहे? हात वर करा. बघा, किती थोडे हात. ही रजा म्हणजे मालकाची मेहरबानी नव्हे. गोळी घेऊन कामावर जाण्याऐवजी घरी पाठ टेकण्यासाठीच ती आहे.

ज्याला सवय लागली त्याचं काय

तो संपला, असं नाही. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन या औषधांनी ओव्हरडोसने मरण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो. २०२३ पासून ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना वेगळी परवानगी लागत नाही, साध्या क्लिनिकमध्येही ते मिळू शकतं. सामुदायिक आरोग्य केंद्रांत उत्पन्न बघून फी घेतात. 'औषधाने औषध सोडवणं म्हणजे नशाच' असं टोचून बोलू नका. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन घेतल्याबद्दल आपण बोल लावतो का?

उपचार केंद्राला तुमची माहिती मालकाला किंवा पोलिसांना सहज देता येत नाही, तुमची लेखी परवानगी नसेल तर कोर्टाचा खास आदेश लागतो. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षभर काम झालं असेल, तर उपचारासाठी बिनपगारी का होईना, बारा आठवड्यांपर्यंत रजा घेता येते आणि नोकरी राखली जाते. एकटं वाटत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ९८८ हा नंबर चोवीस तास आहे, दुभाषा मागता येतो.

रोज भरपूर दारू पिणाऱ्यांना एक सूचना. जोशात येऊन एका रात्रीत बंद करू नका. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

आपल्या लोकांचा मोठा अडथळा औषधाचा नाही, लाजेचा आहे. गावी पैसे येतायत तोवर सगळं ठीक, असं घरचे समजतात, आणि पैसे थांबले की आधी शिव्या येतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दने तेव्हा शहरातली तरुण पोरं खाल्ली होती. मुक्तांगणने महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली: व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, आणि त्याच्या बायकोला, आईलाही आधाराची गरज आहे. मुक्तांगणने जी स्वमदत गटाची पद्धत जवळ केली, ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, आणि ती जन्मली १९३५ साली याच देशात, ओहायोच्या अ‍ॅक्रनमध्ये. दोन दारूडे एकमेकांशी खरं बोलले, तिथून ती सुरू झाली. आज बहुतेक गावांत चर्चच्या तळघरात किंवा वाचनालयात या बैठका भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. एकट्याला जायला संकोच वाटत असेल तर पहिल्या दिवशी त्याच्यासोबत कुणीतरी जा.

मी तुमच्याकडून आज तीनच गोष्टी मागतो. प्रत्येक खोलीत नॅलॉक्सोन. प्रत्येक दुखापतीची त्याच दिवशी लेखी नोंद. आणि खोलीतला एखादा माणूस गप्प गप्प राहायला लागला, पैसे उसने मागायला लागला, शिफ्ट चुकवायला लागला, तर त्याला खोलीबाहेर काढायच्या आधी त्याच्याजवळ बसून एकच प्रश्न विचारा: "तुझं दुखतंय काय?" बऱ्याचदा उत्तर पाठीपासून सुरू होईल.

तिकडे मागच्या टेबलावर फुकट नॅलॉक्सोन देणाऱ्या जवळच्या फार्मसींची यादी ठेवली आहे. चहा घेताना एकेक प्रत उचला. आणि ज्यांनी मघाशी हात वर केला नाही, त्यांनी घरी गेल्यावर पगाराच्या पावतीवर आपली आजारी रजा किती तास जमली आहे ते बघा. दिसत नसेल तर पुढच्या रविवारी पावती घेऊन या, आपण मिळून अर्ज लिहू.

जय महाराष्ट्र. कामगार एकजुटीचा विजय असो.